गुलाबी अ‍ॅनिमोन आणि बिलावरच्या ‘अ‍ॅक्सेसरीज’

बिलावर लिहिलं होतं, ‘अ‍ॅक्वेरियम अ‍ॅक्सेसरीज, १४,३०० रुपये’. प्रत्यक्षात पिशव्यांमध्ये तीन जिवंत जीव होते. ५,५००चं गुलाबी अ‍ॅनिमोन (फुलासारखा दिसणारा, डंख मारणारा मऊ समुद्री प्राणी), ७,०००चा दोन तोंडांचा टॉर्च कोरल, म्हणजे दगडी सांगाड्याचा प्रवाळ, आणि १,८००चा ‘इम्पोर्टेड’ झोआंचा तुकडा. झोआ म्हणजे दगडावर सतरंजीसारखे पसरणारे, प्रवाळांच्या नात्यातले छोटे जीव. बिल असं का, म्हणून विचारलं तर दुकानदार म्हणाला, “सर, हिशोबाला सोपं पडतं.” मी मान डोलावली. सगळ्यात महाग मला ती मान पडली.

मी ठाण्याला राहतो. गोड्या पाण्याच्या टाक्या बारा वर्षं सांभाळल्यावर खाऱ्या पाण्याचं वेड लागलं. चार फुटी टाकी, साधारण अडीचशे लिटर पाणी, आत लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले दगड), घाण काढणारा स्किमर, दोन वेव्हमेकर म्हणजे पाणी हलवणारे पंखे. बायको याला ‘तुझं मिठागर’ म्हणते. क्लाउनफिशची जोडी छान रुळली होती, पण टाकीला जेमतेम चार महिने झाले होते. माशांची घाण जिवाणूंनी पचवायचं नायट्रोजनचं चक्र महिना-दीड महिन्यात बसतं, तेवढ्याने मासे जगतात. अ‍ॅनिमोनसाठी मात्र टाकी निदान सहा महिने, खरं तर वर्षभर मुरू द्यावी लागते. मी हे वाचलेलं होतं. दुकानदाराने मोबाइलवर माझ्या टाकीचा व्हिडिओ पाहिला आणि “सर, एकदम मॅच्युअर टँक आहे” म्हणाला. आपल्याला हवं ते कुणी बोललं की वाचलेलं सगळं पुसलं जातं.

दुकान मुंबईतलं आहे. नाव लिहीत नाही, आणि का लिहीत नाही ते पुढे कळेल. मी विचारलं होतं की अ‍ॅनिमोन आणि कोरल एकत्र चालतील का. तो हसला. “समुद्रात एकत्रच राहतात ना सर?”

राहतात. पण समुद्रात जागा असते. कोरल एकदा चिकटला की चिकटला, अ‍ॅनिमोन मात्र चालतं. उजेड किंवा प्रवाह पटला नाही की पायाची चकती सोडवतं आणि रात्रीतून सरकत भलतीकडे जाऊन बसतं. वाटेत जो लागेल त्याला डंख. टॉर्च कोरलही गरीब नव्हे, त्याच्या शुंडकांतही (तोंडाभोवतीच्या बोटांसारख्या अवयवांतही) दंशपेशी असतात. चार फुटांच्या खोलीत दोन तापट भाडेकरू ठेवायचे आणि त्यातल्या एकाला पाय, असा तो प्रकार. अनुभवी लोक अ‍ॅनिमोनला वेगळ्या खडकाचं बेट करून देतात, वेव्हमेकरला जाळी किंवा स्पंज लावतात, आणि त्यानंतरही रात्री उठून बॅटरी मारून बघतात.

दुसऱ्या दिवशी ते फुललं तेव्हा मी खुळावलोच. गुलाबाच्या सरबताचा रंग, शुंडकांच्या टोकापासून पायापर्यंत एकसारखा. फोटो काढून दुकानदाराला पाठवला. “सुपर सर!” असं उत्तर आणि तीन अंगठे.

तिसऱ्या आठवड्यात रंग उतरायला लागला. तोंड सैल पडून उघडं राहायचं, शरीर दुपारी फुगायचं आणि संध्याकाळी पिशवीसारखं गळायचं. मी फोन केला. तो म्हणाला, “लाइट कमी पडतोय.” मग आयोडीनची बाटली आणि कसलंसं ‘कलर बूस्टर’ मिळून ४,२०० रुपये. पुढच्या आठवड्यात, “उपाशी आहे, रोज कोळंबी द्या.” रोज कोळंबी दिली, अर्धी तशीच बाहेर पडायची, ती कुजून पाण्यात नायट्रेट चढत गेलं. मग नायट्रेट खाली आणायची पावडर, १,६००. प्रत्येक वेळी चूक माझी निघत होती आणि औषध त्याच्याकडे निघत होतं.

खरा प्रकार नंतर एका जुन्या मित्राने सांगितला. तो नव्या मुंबईत वीसेक वर्षं समुद्री टाक्या सांभाळतोय. त्याने तो दुसऱ्या दिवशीचा फोटो पाहिला आणि विचारलं, “पायसुद्धा गुलाबी होता?” अ‍ॅनिमोनच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. उजेडावर ते अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला मिळतो. त्या शैवालाचा रंग तपकिरी, म्हणून निरोगी अ‍ॅनिमोनला तपकिरी किंवा हिरवट झाक असतेच. वाहतुकीच्या हालात शैवाल निघून गेलं की ते पांढरं पडतं, म्हणजे निम्मं मेलेलंच असतं. पांढरा माल कोण घेणार? मग रंगाच्या पाण्यात बुडवतात. गुलाबी, पिवळा, जांभळा, जसं गिऱ्हाईक. काही आठवड्यांत रंग सुटतो, तोवर पैसे वळते झालेले असतात. गुलाबी रंगाची खरी अ‍ॅनिमोनही असतात, ‘रोज बबल टिप’ ही जात त्यातलीच, आणि नेमका याचाच फायदा घेतला जातो. पण खऱ्याच्या गुलाबीमागे तपकिरी दिसतं, आणि पायापर्यंत सगळं एकाच बादलीतून काढल्यासारखं कधीच नसतं.

पाचव्या आठवड्यात ते चालायला लागलं. आधी टॉर्चला जाऊन भिडलं. दोन दिवसांत टॉर्चचं एक तोंड तपकिरी बुळबुळीत होऊन सांगाड्यावरून सुटलं. त्यानंतरच्या रात्री दोन वाजता मला वासाने जाग आली. सुकी मासळी भिजत घातल्यावर येतो तसा, पण कुजका. टाकीतलं पाणी ताकासारखं झालं होतं. अ‍ॅनिमोन वेव्हमेकरमध्ये ओढलं गेलं होतं आणि पंख्याने त्याचा कीस काढला होता. बायको आणि मी पहाटेपर्यंत मीठ कालवून शंभर लिटर पाणी बदललं. ती एक शब्द बोलली नाही, त्याने जास्त लागलं. क्लाउनफिश वाचले. क्लीनर कोळंबी, लॉनमोअर ब्लेनी नावाचा मासा आणि टॉर्चचं उरलेलं तोंड गेलं.

झोआ तेवढे तगले, आणि त्यांनीच उरलेली चोरी उघडी पाडली. तुकडा नव्या जागी चिकटवताना खालची बाजू नीट पाहिली. सिरॅमिकच्या बटणावर झोआंचा दगड ग्लूने चिकटवलेला, आणि दगड काळा. कोरलच्या तुकड्याखाली पांढरा चुनखडीचा दगड असतो, हा तर आपला कातळ. पुढच्या अमावस्येच्या ओहोटीला मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर गेलो. तिथे पायाखाली झोआंच्या सतरंज्या पसरलेल्या, अगदी त्याच हिरवट छटेच्या. १,८०० रुपयांचं ‘परदेश’ लोकलच्या पासात पोचता येईल इतकं जवळ होतं. (ते खरवडणं गुन्हा की नाही हा वाद राहू द्या, पण झोआंच्या कुळात पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असू शकतं. उघड्या हाताने खरवडणाऱ्यांचं काय होत असेल?)

मग तक्रार का केली नाही? ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर मी दोनदा लावून कापला. माझ्याकडे पुरावा काय, तर अ‍ॅक्सेसरीजचं बिल. अ‍ॅक्सेसरी मेली असं सांगणार कुणाला? आणि टॉर्चचं प्रकरण त्याहून वाईट. तो दगडी प्रवाळ. २००१ पासून आपल्याकडचे सगळे दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. शिक्षा तीन ते सात वर्षं. परदेशातून येणारेही साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये येतात, त्यांना निर्यात परवाना लागतो, आणि असा जीव बाळगणाऱ्याने आता सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची असते. मी घेताना परवाना मागितला होता. त्याने झेरॉक्स दाखवली, आयातदाराच्या नावावर काळी पट्टी. माझं समाधान झालं. नंतर फोनमधला तिचा फोटो मोठा करून पाहिला तर परवाना दोन वर्षांपूर्वीचा. साइट्सचा निर्यात परवाना जास्तीत जास्त सहा महिने चालतो, आणि हा माल म्हणे “गेल्या शनिवारीच उतरला”.

म्हणजे तो कोरल कुठून आला हे मला आजही सांगता येणार नाही. तामिळनाडूजवळच्या मन्नारच्या आखातातून ओरबाडलेला असला तर माझ्या हॉलमध्ये गुन्ह्याचा माल होता आणि गुन्हेगारांच्या यादीत मीही. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शेवटच्या फोनवर मी आवाज चढवला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “करा ना सर कंप्लेंट. टाकी बघायला पहिले तुमच्याकडेच येतील.” त्याचं नाव इथे नाही त्याला अर्धं कारण हे आहे.

मित्राने शिकवलेलं तेवढं सांगतो. दुकानात अ‍ॅनिमोन खडकाला किंवा काचेला पायाने घट्ट धरून आहे का पाहा, तळाशी लोळत असेल तर सोडा. पाय फाटलेला असेल तर ते बहुधा जगत नाही. तोंड मिटलेलं हवं. दुकानदाराला समोर खाऊ घालायला सांगा, शुंडकांना घास चिकटला पाहिजे. आणि आवडलं तर विसार देऊन तिथेच ठेवा, तीन-चार आठवड्यांनी घ्यायला जा. रंग असेल तर तोवर उतरेल. “दुसरं गिऱ्हाईक नेईल” म्हणाला तर नेऊ द्या. कोरल घेताना बिलावर जीवाचं नाव आणि हातात परवान्याची प्रत नसेल तर पिशवी उचलूच नका. क्लाउनफिशला अ‍ॅनिमोन लागतं ही समजूतही डोक्यातून काढा. माझी जोडी गेले सात महिने काच पुसायच्या चुंबकाला बिलगून झोपते.

गेल्या आठवड्यात भाच्याने त्याच दुकानाचा व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस दाखवला. “मामा, काय भारी आहे बघ!” गुलाबी अ‍ॅनिमोन, पूर्ण फुललेलं. खाली लिहिलेलं, ‘कस्टमर टँक. रेअर पिंक. नवीन स्टॉक शनिवारी.’ मागचा निळा पडदा ओळखीचा वाटला. मग काचेत उलटं उमटलेलं आमच्या हॉलमधलं घड्याळ दिसलं.