ऑटोक्रॉससाठी टायर आणि चाकं: दीड सीझन वापरल्यानंतर

आधी निकाल सांगतो, म्हणजे घाई असलेले इथूनच सुटतील. स्ट्रीट गटात, म्हणजे जवळपास मूळ अवस्थेतल्या गाड्यांच्या गटात, गाडी पळवणार असाल तर पैसे टायरमध्ये घाला, चाकांमध्ये नाही. चाकांचा दुसरा सेट घ्या, मीही घेतला, पण तो सोयीसाठी. त्याने घड्याळात काही फरक पडेल ही आशा ठेवू नका. आता सविस्तर.

गाडी 2015 ची सुबारू बीआरझेड, मॅन्युअल. मुक्काम मिशिगनमध्ये. इथे गाड्यांच्या कंपन्यांत काम करणारी मराठी माणसं पुष्कळ, पण रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये शंकूंमधून गाडी पळवणारी मोजकीच. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: ऑटोक्रॉसमध्ये मोठ्या डांबरी किंवा काँक्रीटच्या मैदानावर शंकू मांडून एक वळणावळणाचा मार्ग आखतात. एका वेळी एकच गाडी धावते. एक रन साधारण मिनिटाचा, शंकू पाडला की दोन सेकंद दंड, रस्ता चुकला की रन बाद. दिवसभरात हातात पडतात चार-सहा रन. म्हणजे पहाटे उठून, आठ तास उन्हात उभं राहून, त्यातला बराच वेळ दुसऱ्यांनी पाडलेले शंकू उचलण्यात घालवून, प्रत्यक्ष गाडी चालवणं पाचेक मिनिटांचं. हिला सांगितलं तेव्हा तिने फक्त माझ्याकडे बघितलं.

हे पाच मिनिटांचं गणित टायर निवडताना फार महत्त्वाचं आहे. रेसट्रॅकवर टायर वीस-वीस मिनिटं तापत राहतो, तिथे उष्णता सोसणारा टायर लागतो. इथे रन सुरू झाल्यावर तिसऱ्या वळणापर्यंत टायर तयार पाहिजे, नाहीतर रन संपल्यावर तयार होऊन उपयोग काय? ट्रॅकवाल्या मित्राने डोळे मिटून सुचवलेला टायर म्हणूनच घेऊ नका.

चाकांचा भाग आधी उरकतो.

एससीसीएच्या (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, ऑटोक्रॉसचे नियम ठरवणारी संस्था) स्ट्रीट गटात चाकाची रुंदी मूळ गाडीइतकीच ठेवावी लागते. व्यास एक इंच वर किंवा खाली चालतो, ऑफसेटमध्ये (चाक हबवर जिथे टेकतं ती जागा चाकाच्या मध्यरेषेपासून किती दूर, ते अंतर) पाव इंचाच्या आसपास सूट मिळते, बस. माझ्या गाडीला मूळ चाक 17 बाय 7 इंच, ऑफसेट 48 मिलिमीटर, पाच नट, नटांचं वर्तुळ 100 मिलिमीटरचं. आता बाजारात जाऊन बघा. या गाडीसाठी हलकी, देखणी चाकं ढिगाने मिळतात, पण सगळी आठ किंवा नऊ इंच रुंद. ती लावली की थेट स्ट्रीट टुरिंगसारख्या वरच्या गटात, जिथे लोक सस्पेन्शनसकट सगळं बदलून आलेले असतात. सात इंची चाक शोधता शोधता माझा अख्खा हिवाळा गेला. शेवटी मिळालं ते साधं दहा काड्यांचं, फ्लो-फॉर्म पद्धतीचं (ओतल्यावर कडा दाबून पातळ केलेलं), दिसायला सुमार.

वजन करून पाहिलं. मूळ चाक साडेनऊ किलोच्या आसपास, नवं साडेसात. चाकामागे दोन किलो, चार चाकांचे आठ. फिरणारं वजन वेग घेताना जरा जास्त जाणवतं हे खरं, पण चाकाच्या बाबतीत ते दीडपटीच्या वर जात नाही. म्हणजे फार तर बारा किलोंचा फायदा, साडेबाराशे किलोंच्या गाडीत. पूर्ण टाकीऐवजी अर्ध्या टाकीवर गेलात तर याहून जास्त वजन फुकटात उतरतं. आमच्या मैदानावर डांबराला ठिगळं आहेत, तिथे हलक्या चाकाने गाडी कमी उडते असं मला वाटतं. पण घड्याळात ते सापडलं नाही. जुन्या चाकांवर तेच टायर घालून मुद्दाम एक दिवस चालवून पाहिलं. माझ्याच दोन रनमधला फरक त्याहून मोठा होता.

मग दुसरा सेट का? कारण 200 वाले, म्हणजे चिकट आणि लवकर झिजणारे, टायर रोज ऑफिसला नेऊन घासवणं म्हणजे पैसे रस्त्यावर सांडणं. शिवाय मागची सीट पाडली की या गाडीत चारही चाकं, जॅक आणि हत्यारं बसतात. गाडी बनवणाऱ्यांनी हा हिशोब धरूनच ती आखली होती. रोजच्या टायरवर मैदानात जायचं, अर्ध्या तासात चाकं बदलायची, संध्याकाळी परत. नट 120 न्यूटन-मीटरला, म्हणजे इथल्या भाषेत 89 फूट-पाउंडाला, टॉर्क रेंचनेच आवळा आणि पहिल्या रननंतर पुन्हा एकदा तपासा. नट साधे पोलादी घ्या. ॲल्युमिनियमचे रंगीत नट वारंवार काढ-घाल करायला बनलेले नाहीत.

एक कटकट मात्र झाली. सुबारूच्या हबचा (ज्यावर चाक बसतं तो मधला गोल भाग) व्यास 56.1 मिलिमीटर. बाहेरच्या चाकांचं मधलं भोक बहुतेकदा त्याहून मोठं असतं, मधे रिंग बसवावी लागते. दुकानदाराने चाकांबरोबर प्लास्टिकच्या रिंगा दिल्या. जुलैच्या एका दिवसानंतर त्याच चाकांवर घरी येताना पासष्ट मैलांच्या पुढे स्टीअरिंग थरथरायला लागलं. आधी वाटलं बॅलन्सिंग गेलं, ते करून आणलं, थरथर तशीच. चाक काढलं तर ब्रेकच्या उष्णतेने एक रिंग अर्धी वितळून हबला चिकटलेली, नखाने खरवडून काढावी लागली. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, आम्ही या रिंगा रेसिंगसाठी विकतच नाही. ॲल्युमिनियमच्या रिंगा तीस डॉलरच्या आत आल्या, थरथर थांबली. चाकांच्या ऑर्डरबरोबरच त्या मागवा.

आता टायर.

स्ट्रीट गटात टायरवरचा ट्रेडवेअर आकडा (टायर किती टिकेल याचा अंदाज, कमी आकडा म्हणजे मऊ टायर) किमान 200 लागतो. 2014 मध्ये जुना स्टॉक गट जाऊन स्ट्रीट आला तेव्हापासून खास रेसचे मऊ टायर इथे हद्दपार झाले, आणि कंपन्यांनी ‘200’ छापलेले पण स्वभावाने जवळपास रेसचे टायर बनवायला घेतले. या आकड्यावर फार विश्वास टाकू नका. चाचणी अमेरिकी सरकारच्या नियमानुसार होते. टेक्सासात सॅन अँजेलोजवळच्या 400 मैलांच्या रस्त्यावर टायर 7200 मैल चालवायचा आणि ठरवून दिलेल्या टायरच्या तुलनेत किती झिजला ते बघायचं. पण टायरवर शेवटी कोणता आकडा छापायचा हे कंपनी ठरवते, आणि चाचणीत आला त्यापेक्षा कमी छापायला कोणी अडवत नाही. त्यामुळे दोन टायरांवर 200 च लिहिलेलं असतं, एक दोन सीझन पुरतो आणि दुसरा एका उन्हाळ्यात टकला होतो.

मी सुरुवात हँकूक आरएस4 ने केली. नंतर ब्रिजस्टोन आरई-71आरएस वर आलो. माझा को-ड्रायव्हर, म्हणजे एकच गाडी आळीपाळीने चालवणारा जोडीदार, मूळ नाशिकचा, म्हणजे रॅलीचं वेड घरूनच घेऊन आलेला, त्याच्या गाडीला योकोहामा ए052 आहेत आणि त्याची गाडीही मी बऱ्याचदा चालवली आहे. त्यामुळे हे तीन टायर मला पायाने आणि बुडाने माहीत आहेत. बाकीच्यांबद्दल ऐकीव काही सांगणार नाही.

आरएस4 हा शिकणाऱ्याचा टायर. पकड सुटायच्या आधी तो बराच वेळ सांगतो, आवाज करतो, हळूहळू सरकतो, आणि तुम्ही सावरलंत की परत धरतो. नवख्या माणसाला हेच हवं. थंडीत पहिला रन अर्धा वाया जातो, गरमीत मात्र दोघांनी पाठोपाठ चालवली तरी त्याला काही वाटत नाही. झीज इतकी सावकाश की शेवटी कंटाळून मीच बदलला. मूळ टायरच्या मानाने मिनिटाच्या कोर्सवर मी दोनेक सेकंदांनी सुधारलो. त्यात टायर किती आणि सराव किती हे वेगळं काढता येणार नाही.

आरई-71आरएस लावल्यावर पहिल्याच स्लॅलममध्ये (शंकूंच्या रांगेतून नागमोडी जाणं) कळलं की आता गाडी वेगळी आहे. स्टीअरिंग वळवलं की नाक लगेच येतं, मधे विचार करायला वेळ घेत नाही. ब्रेक मी आधी जिथे मारायचो तिथे मारला तर गाडी वळणाच्या अलीकडेच थांबून बसायची, ते अंतर नव्याने शिकायला दोन-तीन इव्हेंट गेले. आरएस4 पेक्षा सेकंदभर तरी वेगवान. ए052 साधारण याच तोलाचा. थंड सकाळी पहिल्या रनला तो जास्त चिकटतो, आणि तापत गेला की आरई-71आरएस बरा वाटतो. पण या दोघांतला फरक जिंकणाऱ्यांसाठी. नेब्रास्कातल्या लिंकनला राष्ट्रीय स्पर्धेसाठी, तिथल्या काँक्रीटवर जाणाऱ्यांनी त्यावर वाद घालावा. माझ्यासारख्याने ज्याचा साईझ मिळेल आणि जो स्वस्त पडेल तो घ्यावा.

साईझवरून आठवलं. मूळ टायर 215/45 आर17 (रुंदी मिलिमीटरमध्ये, भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, चाकाचा व्यास इंचांत). मी 225/45 घेतला. सात इंची चाकावर 225 बसतो, पण ती त्याची कमीत कमी रुंदी आहे, त्यामुळे टायरच्या भिंती फुगतात आणि वळणात घडी पडल्यासारख्या वाकतात. हवा इथे सगळं ठरवते. करायचं ते असं: टायरच्या खांद्यावर एक बारीक त्रिकोण कोरलेला असतो. त्याच्यावरून आडवा खडू ओढायचा, रन मारायचा, आणि खडू कुठपर्यंत पुसला गेला ते बघायचं. त्रिकोणाच्या पलीकडे, अक्षरांपर्यंत पुसला असेल तर टायर लोळतोय, हवा वाढवा. त्रिकोणाच्या बऱ्याच आत थांबला असेल तर कमी करा. माझ्या गाडीला गरम टायरवर पुढे 35 आणि मागे 33 पीएसआय जमलं. मागे 35 ठेवलं तर शेपूट पटकन सुटते, ज्यांना आवडतं त्यांना आवडतं. दर रननंतर हवा दोन-तीन पीएसआयने वाढते, ती लगेच सोडायची. हे विसरलं तर दुपारच्या रनला गाडी साबणावर चालल्यासारखी होते.

225/45 मुळे टायरचा व्यास नऊ मिलिमीटरनी वाढतो, म्हणजे गिअर किंचित लांब होतात. माझ्या गाडीत दुसरा गिअर जेमतेम साठ मैलांपर्यंत जातो आणि आमच्या कोर्सवर वेग तिथेच घुटमळतो, त्यामुळे एखाददुसरा मैल वर मिळाला तो पथ्यावरच पडला.

दोन ड्रायव्हर असले तर पाण्याचा फवारा जवळ ठेवा. बागेत औषध मारायचा हाताने दाब भरायचा पंप मिळतो, तोच. टायरवर हात टेकवत नसेल तर फवारा मारायचा आणि सुरुवातीच्या रेषेवर जायच्या आधी कोरडा होऊ द्यायचा. ऑगस्टमध्ये आमच्या दोघांच्या रनांमध्ये पाचेक मिनिटंच मिळायची आणि “अरे पाणी मार, पाणी” हे एकच वाक्य दिवसभर ऐकू यायचं.

झीज. या गाडीचं पुढचं सस्पेन्शन मॅकफर्सन स्ट्रटचं आणि कारखान्यातून चाकं जवळपास सरळ उभी येतात. वळणात सगळा भार टायरच्या बाहेरच्या कडेवर. नियमात बसेल तितका कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत कलवणं) घेऊनही बाहेरचा खांदा आधी गेलाच, मधली नक्षी अर्धी शिल्लक असताना. चारही टायर एकाच मापाचे ठेवल्यामुळे मी मधेच पुढचे मागे टाकले आणि सीझन निभावला. पुढे-मागे वेगळं माप घेणाऱ्यांना ही वाट बंद. रस्त्यावर मी हे टायर क्वचितच चालवतो, तरी एकदा हायवेवर नेले तेव्हा मागून विमान येतंय की काय असा घूं घूं आवाज. तो या जातीच्या सगळ्याच टायरांना असतो.

पाऊस पडला तर ओल्या डांबरावर भीती वाटत नाही, पण साचलेल्या पाण्यातून जाताना हे टायर तरंगतात. अशा पावसात रोजचे टायर चढवल्याशिवाय मी परत निघतच नाही.

मिशिगनकरांसाठी आणि अशाच थंडीत राहणाऱ्यांसाठी: नोव्हेंबर आला की हे टायर तळघरात न्या. शून्याच्या बऱ्याच खाली गेल्यावर हे रबर काचेसारखं कडक होतं, आणि त्या अवस्थेत गाडी नुसती ड्राइव्हवेवरून पुढे घेतली तरी नक्षीच्या ठोकळ्यांना मुळाशी भेगा जाऊ शकतात. गॅरेज गरम नसेल तर गॅरेजही नको.

खर्च विचाराल तर आरई-71आरएसच्या एका टायरला दोनशे डॉलरच्या वर, चार बसवून बॅलन्स करून हजाराच्या आसपास. आरएस4 त्याहून बरा पडतो आणि टिकतो जास्त. पहिल्या वर्षी असाल तर आरएस4, आणि वाचलेले पैसे प्रवेश शुल्कात घाला. मागवताना टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे विचारून घ्या. 1423 असेल तर तो 2023 च्या चौदाव्या आठवड्यातला. दीड वर्षापेक्षा जुना माल मी परत पाठवतो, सवलत कितीही देवोत.

पुढच्या सीझनला पुन्हा तेच टायर, तोच साईझ. सोळा इंची चाकावर 225/50 घालायचा विचार होता, नियमात बसतं आणि चाक अजून हलकं होतं, पण सोळात सात इंची, पाच नटांचं, योग्य ऑफसेटचं चाक अजून सापडलेलं नाही. कोणाकडे पडून असेल तर कळवा. डेट्रॉईटच्या आसपास असाल तर मी स्वतः येऊन घेऊन जाईन.