जर्मनीत जॅझ बँडचा दौरा: डॉइचलँडटिकेट घ्यावं का?

डॉइचलँडटिकेट म्हणजे जर्मनीभर चालणारं महिन्याचं प्रवासी तिकीट. नाशिकहून दौऱ्यावर निघणाऱ्या पाच-सहा जणांच्या बँडसाठी हे तिकीट उत्तम, पण कार्यक्रम जवळजवळच्या शहरांत असतील तरच. जानेवारी २०२६ पासून माणशी महिन्याला ६३ युरो. त्यात देशभरातल्या आरई आणि आरबी (प्रादेशिक गाड्या), एस-बान (लोकल), मेट्रो, ट्राम आणि शहर बस चालतात. आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या चालत नाहीत. कोलोन, ड्युसेलडॉर्फ, डॉर्टमुंड या पट्ट्यात पैसे सहज वसूल होतात. बर्लिनहून कोलोनला मात्र यावर जाऊ नका. गाड्या बदलण्यातच दिवस जातो आणि संध्याकाळी वाजवायला दम उरत नाही. त्या टप्प्याचं आयसीईचं तिकीट आधीच काढा, स्वस्त पडतं.

डबल बेस (माणसाएवढं उंच तंतुवाद्य) असेल तर सायकलचं चित्र असलेल्या दारानेच चढा. आत घडीच्या खुर्च्या असतात, त्या वर करा. बेसची खालची खुंटी आत सरकवा, वाद्य कुशीवर आडवं ठेवा, पट्ट्याने दांड्याला बांधा. उभा ठेवला की ब्रेक लागताच कोसळतो आणि मान तुटते. पंचवटी एक्सप्रेसच्या गर्दीत सामान सांभाळणाऱ्यांनाही हे नवीनच.

खरी अडचण खरेदीत आहे. बरेच विक्रेते युरोपीय बँक खातं मागतात, म्हणून कार्ड घेणारा विक्रेता नाशिकमध्ये असतानाच शोधा. तिकीट कॅलेंडर महिन्याचं असतं. दौरा २५ तारखेला सुरू होऊन पुढच्या महिन्यात गेला, तर दोनदा पैसे पडतात. शिवाय हे तिकीट म्हणजे मासिक वर्गणी असते, ती आपोआप पुढे चालू राहते. साधारणपणे महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करावी लागते. तिकीट नावावर असतं, तपासणीला पासपोर्ट हाताशी ठेवा.