मराठी ऑडिओ बायबलचा छोटा प्लेअर, वर्षभर वापरून मग लिहितेय

भुसावळला बहिणीकडे गेले होते तेव्हा चर्चच्या आवारातल्या पुस्तकांच्या स्टॉलवरून हा प्लेअर घेतला. हाताच्या पंजात मावेल एवढा, मागे सोलरची पट्टी, बाजूला चार्जिंगची पिन, किंमत बाराशेच्या आसपास. घेतला आईसाठी, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही तिला बारीक टाईप वाचता येत नाही. पण वर्षभरात आईपेक्षा मलाच त्याचा जास्त आधार झाला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी कामाचं सांगते. नवा करार (बायबलचा येशूपासूनचा भाग) पूर्ण आहे, म्हणजे 27 पुस्तकं, 260 अध्याय, शिवाय 150 स्तोत्रं आणि भजनांचा एक फोल्डर. नेट लागत नाही, रेंज लागत नाही, लाईट गेली तरी चालतो. आमच्या चोपड्याच्या उन्हात खिडकीत अर्धा दिवस ठेवला की दोन दिवस बघायला नको. पण मे महिन्यात पत्र्यावर ठेवून विसरू नका, मी विसरले आणि कडेचं रबर पाघळून बटणाला चिकटलं ते आजपर्यंत नीट दाबलं जात नाही. स्क्रीन नसल्यामुळे हवा तो अध्याय शोधताना फार दाबादाबी करावी लागते, आईला ते जमतच नाही. आवाज फुल केला की खरखरतो. वाचणारा माणूस एकच आहे पण न घाई करता, शब्द न खाता वाचतो. भाषा पुस्तकी आहे, आईचं सगळं आयुष्य अहिराणीत गेलं त्यामुळे तिला एक अध्याय दोनदा लावून द्यावा लागतो, मग बरोबर समजतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आम्ही मायलेकी चर्चला जायला लागलो आणि गल्लीत हळूहळू बोलणं बंद झालं. कुणी अंगावर आलं नाही, शिव्या दिल्या नाहीत, नुसतं वगळलं. भाऊबंदात लग्न झालं, पत्रिका आली नाही. आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं. खान्देशातल्या बायांना कळेल मी काय म्हणतेय. तीन दिवस भिजवलेली ज्वारी कांडायची, पहाटे चारला चुलीवर मोठ्या पातेल्यात घाटा शिजायला ठेवायचा, लसूण-तीळ-मिरची घालायची, एकीने घाटा हाटायचा, दोघीतिघींनी ओल्या साडीवर ओल्या हाताने भराभर थापायचे, ऊन चढायच्या आत संपवायचं. हे एकट्या बाईचं कामच नाही. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे अशीच रीत. त्या वर्षी मला कुणी बोलावलं नाही आणि माझ्याकडे कुणी आलं नाही.

मी हट्टाने केलेच. पहाटे अंगणात आईला खाटेवर बसवलं, शेजारी प्लेअर लावला, नव्या करारातलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक चालू केलं आणि घाटा हाटायला घेतला. डोळ्यांत पाणी होतं, धुरामुळे म्हणा नाहीतर कशामुळे. चौथा अध्याय लागला. येशूचे शिष्य पेत्र आणि योहान यांना यहूदी पुढाऱ्यांच्या न्यायसभेने दम देऊन सोडलंय, येशूचं नाव पुन्हा काढायचं नाही म्हणून, आणि ते आपल्या लोकांत येऊन प्रार्थना करतात. मी हा अध्याय किती वेळा वाचला असेल, पण वाचताना डोळे पुढे पळतात, ऐकताना पळता येत नाही ना. त्या पूर्ण प्रार्थनेत ‘आमचा त्रास काढून टाक’ असं एकही वाक्य नाही! मागितलं काय तर धमक्या ऐकूनही बोलायचं धैर्य. आणि हा तोच पेत्र बरं का, जो थोडेच दिवस आधी एका दासीच्या प्रश्नाला घाबरून ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणाला होता. मी तर महिनाभर रोज हेच मागत होते की देवा, यांची तोंडं गोड कर. त्या पहाटे पहिल्यांदा मागणं बदललं.

थोड्या वेळाने समोरच्या जिजी कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘हाई काय शे वं? कोण बोली ऱ्हायना?’ (हे काय आहे गं? कोण बोलतंय?) मी सांगितलं, पुस्तक वाचून दाखवतोय. त्या काही बोलल्या नाहीत, पण गेल्याही नाहीत.

दोन महिन्यांनी घरमालकांनी आठ दिवसांत खोली खाली करा म्हणून सांगितलं. इथे मला त्याच पुस्तकाचा सोळावा अध्याय कामी आला. फिलिप्पैच्या तुरुंगात येशूचा प्रचार करणारे पौल आणि सीला फटके खाऊन, पाय खोड्यात अडकलेले असताना मध्यरात्री गाणी म्हणतात, तेवढंच आपण उपदेशात ऐकतो. पण पुढचं ऐका. सकाळी अधिकारी गुपचूप सोडायला निघाले तर पौल म्हणतो, आम्ही रोमी नागरिक आहोत, चौकशी न करता आम्हाला चारचौघांत मारलंत, आता स्वतः येऊन बाहेर काढा. म्हणजे विश्वासू माणसाने हक्काचं बोलूच नये असं बायबल म्हणत नाही. आपल्या संविधानातही 25 व्या कलमात सद्सद्विवेकाचं आणि धर्म पाळायचं स्वातंत्र्य दिलेलंच आहे. मी भाडेकराराचा कागद घेऊन गेले, मुदत दाखवली, शांतपणे बोलले. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात सांगितलंय की उत्तर द्यायला तयार राहा पण सौम्यतेने आणि आदराने, ते जाताना दोनदा ऐकून गेले होते, कारण माझी जीभ मला माहितीये. मुदत संपेपर्यंत राहू दिलं त्यांनी.

जुना करार वेगळ्या मेमरी कार्डवर मिळतो, तो नंतर घेतला. घ्याच. त्यातल्या ‘1 राजे’ पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात संदेष्टा एलीया जीव घेऊन पळतो, रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागतो, आणि देवदूत त्याला रागवत नाही, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. कुणी खचलं असेल तर आधी वचनं सुनावू नका, जेवायला वाढा, हे मी तिथून शिकले.

भजनांच्या फोल्डरमध्ये रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं आहेत, रेकॉर्डिंग जुनाट आहे पण आई सोबत म्हणते. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना किती वर्षं त्यांच्यापासून दूर राहावं लागलं, मग पुढे त्याच घरात आपल्या धरणगावचे बालकवी मुलासारखे राहिले. हे आठवलं की मला आमची गल्ली तेवढी अवघड वाटत नाही.

नव्या खोलीत आलो तरी जुनी गल्ली जवळच आहे. यंदा बिबड्यांना जिजी आल्या, बाकी कुणी नाही. थापता थापता म्हणाल्या, ‘ते जेलवालं लाव ना.’ त्या चैत्रात सप्तशृंगीला पायी जातात, त्यांची श्रद्धा त्यांच्या ठिकाणी, मी काही म्हटलं नाही, लावलं. जाताना आईला विचारून प्लेअर घेऊन गेल्या, रात्री झोप येत नाही म्हणून. तो अजून त्यांच्याकडेच आहे, त्यामुळे आईसाठी दुसरा घ्यायचाय, या वेळी मोठ्या बटणांचा कुणाला कुठे मिळाला असेल तर सांगा.