बँकेच्या कार्डने फॉरेक्स खात्यात पैसे भरले, त्याला नऊ महिने झाले

मी नागपुरात आयटी पार्कजवळ राहतो आणि अमेरिकेतल्या एका ग्राहकासाठी घरूनच डिझाइनचं काम करतो. मोबदला डॉलरमध्ये येतो, त्यामुळे डॉलरचा भाव रोज सकाळी बघायची सवय आहे. त्यातूनच करन्सी ट्रेडिंगची, म्हणजे फॉरेक्सची (परकीय चलनांच्या खरेदी-विक्रीची) ओढ लागली आणि एका परदेशी अ‍ॅपवर खातं उघडलं. नाव लिहीत नाही, कारण अशी अ‍ॅप्स पुष्कळ आहेत आणि पैसे भरायची पद्धत जवळपास सारखीच.

डेबिट कार्डवर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी बंद असतात, ते बँकेच्या अ‍ॅपमधून सुरू केले. २०० डॉलर भरले. ओटीपी न मागताच पैसे कापले गेले, तेव्हाच खरं तर थांबायला हवं होतं. कार्डाच्या दराने १७,०२० रुपये झाले. दोन दिवसांनी स्टेटमेंटमध्ये वेगळी ओळ आली: साडेतीन टक्के परकीय चलन शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ७०३ रुपये. म्हणजे एकही सौदा न करता मी चार टक्क्यांहून जास्त मागे होतो. अ‍ॅपवर मात्र ठळक अक्षरांत ‘डिपॉझिट शुल्क शून्य’ लिहिलेलं. ते खोटं नव्हतं, शुल्क बँकेचं होतं. पण पैसे माझ्याच खिशातून गेले.

पैसे काढताना खरा त्रास झाला. भरताना कुणी काही विचारलं नाही, काढताना मात्र आधार, पत्त्याचा पुरावा आणि कार्डाचा फोटो मागितला, पहिले सहा आणि शेवटचे चार आकडे दिसतील असा, मधले झाकून. शिवाय जेवढे कार्डने भरले तेवढेच त्या कार्डवर परत येणार, वरचा नफा दुसऱ्या मार्गाने. मनी लाँडरिंग रोखण्यासाठीचा हा नियम जगभर आहे, तो समजू शकतो. पण १५० डॉलर मागितले, आणि तीन आठवडे नुसतं ‘प्रक्रियेत’.

मधल्या काळात बँकेने माझं कार्ड त्या अ‍ॅपवर नाकारलं. लगेच चॅटवर सल्ला आला, ‘लोकल ट्रान्सफर’ करा. सोबत एक यूपीआय आयडी. खातेदार म्हणून एका किराणा दुकानाचं नाव दिसत होतं. फॉरेक्सचे पैसे किराणा दुकानाच्या खात्यात कशाला जातील? मी तिथेच थांबलो. अशी खाती बहुधा भाड्याची असतात. त्यातलं एक सायबर पोलिसांच्या नजरेत आलं, की त्याच्याशी व्यवहार केलेल्यांची खातीही गोठू शकतात. माझा महिन्याचा पगार ज्या खात्यात येतो तेच गोठलं असतं तर, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही.

मग धरमपेठेतल्या शाखेत तक्रारीचा फॉर्म भरायला गेलो. मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, “पैसे कशासाठी भरले होते, भाऊ?” मी खरं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवला आणि संगणक माझ्याकडे वळवला. रिझर्व्ह बँकेची अनधिकृत फॉरेक्स प्लॅटफॉर्मची अलर्ट लिस्ट होती, २०२२ पासून निघणारी. त्यात माझ्या अ‍ॅपचं नाव नव्हतं, मला हायसं वाटलं. त्या म्हणाल्या, “यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे असं होत नाही. परवानगी असलेल्यांची यादी वेगळी आहे, त्यात शोधा.” तिथेही नव्हतं. परदेशी प्लॅटफॉर्मवर मार्जिनसाठी (सौद्याच्या अनामतीसाठी) पैसे पाठवायला एलआरएसमध्येही (परदेशात पैसे पाठवू देणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेतही) मुभा नाही, आणि फेमा या परकीय चलन कायद्याखाली दंड रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो, हे मला तिथे कळलं. संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीसमोरून मी कित्येक वर्षं जातोय, आणि मला हे माहीत नव्हतं.

गेले पाच महिने भारतीय ब्रोकरकडे करन्सी सेगमेंट (शेअर बाजारातला चलनाच्या सौद्यांचा विभाग) वापरतो. तिथे कार्डचा पर्यायच नाही. स्वतःच्या नावाच्या, जोडलेल्या बँक खात्यातूनच यूपीआय किंवा नेटबँकिंगने पैसे जातात आणि तिथेच परत येतात, मला बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी. डॉलर-रुपयाचा एक लॉट, म्हणजे सौद्याचं सर्वांत लहान माप, १,००० डॉलरचा. भाव पाव पैशाने हलला की अडीच रुपयांचा फरक. मे २०२४ पासून मूळ डॉलरची देणी-घेणी असल्याशिवाय इथे सौदा करता येत नाही. माझी डॉलरमधली येणी खरी आहेत, म्हणून मला चालतं. नुसत्या सट्ट्यासाठी येणाऱ्याला हा मार्ग बंद आहे. व्यवहारही पूर्वीपेक्षा बरेच कमी झालेत, लांबच्या महिन्यांच्या सौद्यांना खरेदीदार मिळत नाही. तरी माझ्या बिलाचे डॉलर येण्याआधी एक लॉट त्या वेळच्या भावाने विकून ठेवतो, तेवढ्याने माझं भागतं.

ते १५० डॉलर अखेर सव्वा महिन्याने कार्डवर आले. शुल्काचे ७०३ रुपये परत आले नाहीत. कार्डवरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार त्याच संध्याकाळी बंद केले, ते अजून बंदच आहेत.