काउंट झेपेलिनच्या गावातली गाइडेड टूर: पाचपैकी तीन

मुलगा श्टुटगार्टला नोकरीला. उन्हाळ्यात आम्ही दोघं तिकडे होतो, तेव्हा त्यानं वायुनौका (वायूच्या बळावर तरंगणारं हवाई जहाज) बांधणाऱ्या काउंट झेपेलिनच्या फ्रीडरिश्सहाफेनची तीन तासांची इंग्रजी टूर बुक करून दिली. कंपनीचं नाव लिहीत नाही. गाइड पोरगा गुणी होता, उगाच त्याच्या पोटावर पाय नको.

जाहिरातीत होतं ‘सैनिक आणि संशोधक’. मी मराठा लाइट इन्फन्ट्रीत २४ वर्षं काढलेली, पहिल्याच शब्दाला भुललो. प्रत्यक्षात सैनिकाची बोळवण दोन वाक्यांत झाली: घोडदळात होता, १८९० ला निवृत्त झाला. चला पुढे!

वायुनौकेचं मात्र झकास सांगितलं. बोडेनसी तळ्याच्या काठावर उभं करून २ जुलै १९०० चं पहिलं उड्डाण डोळ्यांपुढे आणलं: १२८ मीटरचं धूड, १८ मिनिटं हवेत. जुन्या बंदर स्टेशनातल्या म्युझियममध्ये ‘हिंडेनबुर्ग’ या प्रवासी वायुनौकेचा काही भाग पुन्हा उभारलाय. तिथली केबिन बघून ही म्हणाली, “एवढे पैसे मोजून शेवटी महालक्ष्मीसारखा वरचाच बर्थ?”

टूर संपल्यावर कॉफी पाजून मी पोराला बोलतं केलं, तर त्याला सगळं पाठ! १८६३ मध्ये हा गडी रजा काढून अमेरिकेचं यादवी युद्ध बघायला गेला आणि सेंट पॉलला पहिल्यांदा बलूनमध्ये चढला. पण खरी गोष्ट २५ जुलै १८७० ची. फ्रान्सशी युद्ध पुकारून आठवडाही झाला नव्हता. कॅप्टन झेपेलिन बाडेन या जर्मन राज्याचे काही घोडेस्वार घेऊन टेहळणीला फ्रान्सच्या अल्सास प्रांतात शिरला. शिर्लेनहोफच्या खानावळीत माणसं जेवायला बसली, घोडी विसाव्याला, आणि वर फ्रेंच स्वार येऊन धडकले. एक अधिकारी पडला, बहुतेक पकडले गेले. झेपेलिन शत्रूच्याच घोड्यावर मांड टाकून निसटला आणि खबर घेऊन परतला.

“संत्री कुठे उभा केला होता?” मी विचारलं. पोरगा हसला. हा प्रश्न म्हणे आजवर कुणी विचारला नव्हता.

आणि ती ‘निवृत्ती’! आपल्या व्युर्टेम्बर्ग राज्याच्या फौजेवर प्रशिया या बड्या जर्मन राज्याचा वरचष्मा नको, असं त्यानं लेखी कळवलं. त्याच वर्षीच्या युद्धसरावात शेरा वाईट पडला आणि बावन्नाव्या वर्षी लेफ्टनंट जनरल घरी बसला. सीआर (वरिष्ठांचा गोपनीय अहवाल) कशी बिघडते हे मला कुणी समजावायला नको. तो घरी बसला नसता तर ते धूड तळ्यावर कधी उठलं असतं, देव जाणे.

जायचं तर जरूर जा. पण शेवटी कॉफीचे पैसे आणि अर्धा तास हाताशी ठेवा, अस्सल माल तिथेच निघतो. त्याचे दोन तारे, तळ्याकाठचा एक.

पुढच्या रविवारी श्टुटगार्टच्या प्रागफ्रीडहोफमध्ये त्याची कबर बघून आलो. तिथे गाइड मीच होतो. वायुनौकेपर्यंत पोचायच्या आधीच हिचे पाय दुखायला लागले.