तिखट मिरच्यांचा बियाणे संच : उगवण उत्तम, नावे मात्र बेभरवशाची

घरच्या कुंड्यांसाठी पाच प्रकारच्या तिखट मिरच्यांचे बियाणे एकत्र देणारा हा संच मी हंगामाच्या सुरुवातीला मागवला आणि झाडांची शेवटची तोडणी झाल्यावरच त्याविषयी लिहीत आहे. हालपेन्यो, केयेन, अही अमारिल्यो, हाबानेरो आणि भूत जोलोकिया अशी पाच पाकिटे, प्रत्येकात दहा बिया. बियाणे ताजे होते, यात शंका नाही. हालपेन्यो आणि केयेनच्या दहापैकी नऊ बिया दहा दिवसांत उगवल्या.

सोबतच्या माहितीपत्रकात मात्र सगळ्या बिया आठवडाभरात उगवतील असे सरसकट छापले आहे, आणि ही चूक नवख्या माणसाचे नुकसान करणारी आहे. भूत जोलोकिया आणि हाबानेरो या कॅप्सिकम चायनेन्स गटातल्या मिरच्यांना २५ ते ३० अंश सेल्सियसची ऊब असूनही दोन ते चार आठवडे लागू शकतात. माझ्याकडे भूत जोलोकियाचा पहिला कोंब चोविसाव्या दिवशी दिसला. पत्रकावर विश्वास ठेवला असता तर ती माती मी केव्हाच उपसून टाकली असती. याउलट हाबानेरो नवव्याच दिवशी वर आली, तेव्हाच मनात पाल चुकचुकली.

खात्री फुलांनी पटवली. मिरचीची जात फळावरून ओळखू पाहणारे अनेकदा फसतात, कारण एकाच जातीत फळांचे आकार आणि रंग वाटेल तितके बदलतात. फूल त्या मानाने विश्वासू. अही अमारिल्योच्या पांढऱ्या पाकळ्यांवर बुडाशी हिरवट-पिवळे ठिपके होते, म्हणजे ती निःसंशय कॅप्सिकम बॅकाटम. भूत जोलोकियाच्या एकेका पेरावर दोन-तीन फिकट हिरवट फुले लोंबत होती, आणि फळ धरल्यावर देठ जिथे टोपीला मिळतो तिथे दोरा आवळून बांधल्यासारखी बारीक खाच दिसत होती. हीच चायनेन्सची खूण. हाबानेरो म्हणून आलेल्या झाडावर मात्र प्रत्येक पेराला एकच शुभ्र फूल, खाचेचा मागमूस नाही आणि फळे सरळ, टोकदार. ते झाड कॅप्सिकम ॲन्युअमचे, म्हणजे हालपेन्यो आणि केयेनच्याच जातीचे होते. वेष्टनावर 3,50,000 स्कोव्हिल (तिखटपणा मोजण्याचे एकक) असा आकडा छापला असताना फळाचा तिखटपणा हालपेन्योच्या, म्हणजे 2,500 ते 8,000 च्या, फार पुढचा वाटला नाही.

तक्रारीवर कंपनीने नवे पाकीट लगेच पाठवले, हे चांगलेच केले. पण सोबत दिलेला खुलासा मला मान्य नाही. शेजारच्या मिरचीचे पराग पडल्याने फळ बदलले असेल, असे त्यांचे म्हणणे होते. परागसंकराचा परिणाम फळातल्या बियांवर होतो आणि त्या पेरल्यावर पुढच्या पिढीत दिसतो. फळाची भिंत आणि बियांना धरून ठेवणारा पांढरा गाभा, जिथे तिखटपणा देणारे कॅप्सेसिन तयार होते, हे दोन्ही आईझाडाचेच असतात. शिवाय पराग शेजारून आला म्हणून झाडाची फुले आणि पेरे बदलत नाहीत. चूक बियाणे भरताना किंवा ते तयार करतानाच झालेली आहे.

भूत जोलोकिया आणि अही अमारिल्यो यांच्यासाठी हा संच घ्यायला माझी हरकत नाही; हाबानेरो हवी असेल तर तिचे बी दुसरीकडून वेगळे घ्यावे. दुसऱ्या मिरचीचे पराग पडू नयेत म्हणून मी स्वतः भूत जोलोकियाच्या काही कळ्यांवर उमलण्याआधीच तलम कापडाच्या पिशव्या बांधल्या होत्या, आणि पुढच्या हंगामात त्याच फळांचे बी पेरणार आहे.