पहिले सिझेरियन झाल्यावर दुसरे बाळंतपण कसे?

पहिले बाळ पायाळू असल्याने भाचीचे सिझेरियन झाले होते. आता नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करावा की ठरवून पुन्हा सिझेरियन, या पेचात ती आहे.

सर्वांत मोठी धास्ती जुना व्रण उसवण्याची. गर्भाशयाच्या खालच्या भागात एकच आडवा छेद असेल, तर कळांच्या वेळी ही शक्यता साधारण २०० मध्ये १ असते. वरच्या भागातल्या उभ्या छेदानंतर ती बरीच वाढते, म्हणून तिथे प्रयत्न सहसा टाळतात. पोटावरचा व्रण पाहून आतला छेद ओळखता येत नाही, त्यामुळे जुने डिस्चार्ज कार्ड (आमच्याकडे ते रेशनकार्डाच्या पिशवीत सापडले) नीट वाचून घ्यावे. असा प्रयत्न चारांपैकी सुमारे तिघींचा यशस्वी होतो. फसला, तर मात्र ऐनवेळचे सिझेरियन ठरवून केलेल्यापेक्षा अधिक त्रासाचे ठरते.

ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत व्रण उसवण्याचा धोका नगण्य असतो आणि तारीखही हाती असते, पण टाक्यांचे दुखणे अधिक दिवस पुरते. शिवाय प्रत्येक सिझेरियनगणिक पुढच्या खेपेस वार (बाळाला पोषण पुरवणारी, प्लासेंटा) खाली, व्रणातच रुतून बसण्याचा धोका वाढतो, आणि हा मुद्दा घाईत हमखास राहून जातो.

आडवा छेद, पुढेही मूल हवे आणि रात्रीही शस्त्रक्रियागृह व रक्त मिळेल असे रुग्णालय जवळ असेल, तर डॉक्टरांच्या संमतीने प्रयत्न करावा. उभा छेद किंवा आधी उसवलेला व्रण असलेल्यांना ठरवून केलेले सिझेरियनच योग्य.